मॅरिअन मॉटली : क्लीव्हलंडचा फुलबॅक

गोव्यात वा बेळगावात फुटबॉल म्हटला की पायाने मारावयाचा चेंडू डोळ्यांपुढे येतो. अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ अगदी निराळा. त्यातील चेंडू नारळासारखा लांबट असतो; तो बहुतेक वेळ हातात किंवा काखेत राहतो आणि पायाशी त्याचा संबंध क्वचितच येतो. अकरा जणांच्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले पाहिजे, नाही तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन होतो. या खेळात क्वार्टरबॅक हा सूत्रधार. त्याच्या पाठीशी उभा राहणारा दणकट गडी तो फुलबॅक. चेंडू मिळाला तर त्याने प्रतिपक्षाची भिंत फोडून धावावयाचे. न मिळाला तर सूत्रधारावर चालून येणाऱ्यांना स्वतःच्या अंगावर घ्यावयाचे. पहिल्या कामाला टाळ्या मिळतात, दुसऱ्याला बहुधा मार.

ही दोन्ही कामे मॅरिअन मॉटली याच्याइतकी चोख क्वचितच कोणी केली असतील. त्याचा जन्म 1920 साली जॉर्जिया राज्यातील लीसबर्ग येथे झाला. तो लहान असतानाच कुटुंब उत्तरेस ओहायो राज्यात, कँटन या पोलादाच्या गावी येऊन राहिले. तेथील मॅकिन्ली हायस्कूलच्या संघात तो असताना शाळेला जे मोजके पराभव पत्करावे लागले, ते शेजारच्या मॅसिलॉन गावच्या शाळेकडून. त्या शाळेचा प्रशिक्षक होता पॉल ब्राउन. हे नाव मॉटलीच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येते.

1939 साली मॉटली साउथ कॅरोलायना येथील कृष्णवर्णीयांच्या एका कॉलेजात गेला. परंतु वर्षभरातच तेथून निघून तो पश्चिमेकडील नेव्हाडा विद्यापीठात दाखल झाला. मॅकिन्लीचा पूर्वीचा प्रशिक्षक जिम एकन तेव्हा तेथे होता. नेव्हाडातील त्याचा खेळ गाजला, तथापि गुडघा दुखावला, शिक्षण अर्धवट राहिले आणि कँटनला परतून तो पोलादाच्या कारखान्यात कामाला लागला. पुढे युद्धकाळात तो नौदलात गेला. ग्रेट लेक्स येथील नाविक तळाच्या संघाचा प्रशिक्षक पुन्हा पॉल ब्राउनच! 1945 साली या संघाने नोत्र दाम या नामांकित कॅथॉलिक विद्यापीठाच्या संघाला 39–7 असे हरविले. त्या विजयात मॉटलीचा वाटा मोठा होता.

युद्ध संपले. 1946 साली ऑल-अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्स ही नवी व्यावसायिक संघटना सुरू झाली आणि क्लीव्हलंडच्या संघाची सूत्रे ब्राउनकडे आली. संघालाही त्याचेच नाव मिळाले. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जुन्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये 1934 ते 1945 या बारा हंगामांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम कोठेही नव्हता. संघमालकांची मूक संमती तेवढी होती. मॉटलीने ब्राउनला पत्र लिहून संधी मागितली, तेव्हा धावणारे गडी पुरेसे आहेत असे उत्तर आले. त्यानंतर ब्राउनने बिल विलिस या कृष्णवर्णीय खेळाडूला संघात घेतले आणि काही दिवसांतच मॉटलीलाही बोलावणे धाडले. विलिसला मुक्कामाच्या खोलीत सोबती हवा म्हणूनच आपल्याला बोलावले, असे मॉटलीला वाटत असे. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाने केनी वॉशिंग्टन व वूडी स्ट्रोड यांना घेतले. परंतु त्यामागे तेथील कृष्णवर्णीय पत्रकारांचा रेटा होता. ब्राउनवर असा रेटा नव्हता, हे त्याच्या पदरी टाकलेच पाहिजे. बेसबॉलच्या वरिष्ठ स्पर्धांत जॅकी रॉबिन्सन उतरला तो 1947 साली, म्हणजे या चौघांच्या मागाहून. तरीही जगाला नाव ठाऊक आहे ते रॉबिन्सनचेच.

पहिला सामना क्लीव्हलंडच्या मैदानावर, साठ हजारांवर प्रेक्षकांसमोर, मायामीच्या संघाशी झाला व तो 44–0 असा एकतर्फी ठरला. परतीचा सामना डिसेंबरात मायामीस होता. फ्लोरिडात गोऱ्यांनी व काळ्यांनी एकत्र खेळण्यास बंदी होती, शिवाय जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. मॉटली व विलिस यांना घरीच राहावे लागले. इतर मैदानांवर शिव्या तर नित्याच्याच होत्या. मॉटली खाली पडला म्हणजे प्रतिपक्षाचे खेळाडू खिळ्यांच्या बुटांनी त्याचे हात तुडवीत आणि पंच तिकडे पाठ फिरवीत. ब्राउनची ताकीद होती की उलट हात उचलावयाचा नाही. तेव्हा उत्तर देण्याचा एकच मार्ग उरला, आणि सहा फूट एक इंच उंचीचा, दोनशे तीस पौंडांवर वजनाचा हा गडी तो मार्ग फार वेगाने आक्रमीत असे.

एका सामन्यात सूत्रधार ऑटो ग्रॅहॅम चेंडू दूर फेकण्याच्या बेतात असता प्रतिस्पर्ध्यांच्या गराड्यात सापडला आणि निरुपायाने त्याने चेंडू शेजारच्या मॉटलीच्या हाती कोंबला. ग्रॅहॅमवर तुटून पडण्यासाठी सारे पुढे धावून आलेले, त्यामुळे त्यांच्या मागे मैदान मोकळे! मॉटली सुसाट निघून गेला. चुकून घडलेली ही गोष्ट पुढे मुद्दाम आखून केली जाऊ लागली. ‘ड्रॉ’ नावाची ही चाल आजही प्रत्येक संघाच्या भात्यात असते.

1946 ते 1949 या चारही वर्षी क्लीव्हलंड अजिंक्य ठरले. मग ती संघटना मोडली व संघ जुन्या लीगमध्ये आला. नवख्यांचे येथे काय चालणार, असे म्हणणाऱ्यांना 1950 साली उत्तर मिळाले. क्लीव्हलंडने अंतिम सामन्यात रॅम्सना 30–28 असे हरविले, आणि धावून सर्वाधिक, म्हणजे 810, यार्ड कमावणारा खेळाडू ठरला तीस वर्षांचा मॉटली. त्याच हंगामात पिट्सबर्गविरुद्ध केवळ अकरा धावांत त्याने 188 यार्ड मिळविले. सगळ्या कारकिर्दीत 828 वेळा चेंडू घेऊन तो 4,720 यार्ड धावला. म्हणजे दर वेळी सरासरी 5.7 यार्ड. क्लीव्हलंडचाच पुढचा विख्यात फुलबॅक जिम ब्राउन याची सरासरी 5.2 होती. मात्र मॉटलीच्या हाती चेंडू सामन्यागणिक जेमतेम आठ वेळाच येई. उरलेला वेळ तो ग्रॅहॅमचे रक्षण करी, आणि त्याची नोंद कोणत्याही आकड्यात नाही.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला. 1955 साली पिट्सबर्गकडून थोडे सामने खेळून तो निवृत्त झाला. खेळाची एवढी जाण असलेल्या माणसाला प्रशिक्षकाची जागा मिळावयास हवी होती. त्याने ब्राउनकडे विचारणा केली. पोलाद कारखान्यात पाहिलेस काय, असा प्रतिप्रश्न झाल्याचे मॉटली सांगत असे. ज्या हाताने एक दार उघडले त्यानेच दुसरे लावून घेतले. 1965 साली त्याने ही तक्रार जाहीरपणे मांडली, पण उपयोग झाला नाही. टपाल खात्यात, बांधकामावर, नंतर ओहायो राज्याच्या नोकरीत त्याने दिवस काढले. शिकवावयाला मिळाला तो 1960 नंतरच्या दशकात निघालेला स्त्रियांचा एक व्यावसायिक संघ.

1968 साली व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मानमंदिरात त्याची निवड झाली. हे मंदिर त्याच्याच गावी, कँटनला आहे. 27 जून 1999 रोजी क्लीव्हलंड येथे त्याचे निधन झाले. पिट्सबर्गविरुद्धचा, एका सामन्यातील सरासरीचा तो विक्रम मात्र त्यानंतरही टिकून होता. तो 2002 साली मायकेल व्हिकने मोडला, आणि व्हिक फुलबॅक नव्हता, सूत्रधार होता.