माया ठेवून बेतलेला कोट
(मंडळाच्या तिळगूळ समारंभात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून साहित्य, संगीत आणि संतवाङ्मय यांवर आपण पुष्कळ ऐकले आहे. आज मी शिंप्याच्या विद्येविषयी चार शब्द बोलणार आहे. मी शिंपी नव्हे, बी.ए. झालेला केंद्र सरकारचा नोकर आहे. परंतु बंद गळ्याचा कोट हा आम्हा नोकरवर्गाचा समारंभी वेष, आणि त्याला ज्या जोधपूरच्या नावाने ‘जोधपुरी’ म्हणतात तेथेच आपण राहतो. तेव्हा एवढा अधिकार मला असावा.

‘कपडा अंगाबरोबर बसला’ म्हणजे तो अंगाला चिकटला, असा पुष्कळांचा समज असतो. माझाही होता. काही वर्षांपूर्वी एका सरकारी समारंभासाठी मी कोट शिवावयास टाकला. माप देताना पोट आत ओढून उभा राहिलो. मास्टरजी टेप धरून थांबले आणि म्हणाले, “साहब, साँस छोड़िए.” मी सोडला नाही. कोट माझ्या हुकमाप्रमाणे झाला. समारंभात खुर्चीवर बसताच मधल्या बटणापासून चहूकडे सुरकुत्या फाकल्या. दोन तास मी त्या बटणाची चिंता वाहत होतो. भाषणे काय झाली, ते आजही मला सांगता येणार नाही.

पुढे त्याच मास्टरजींकडे मी शिष्यभावाने गेलो. त्यांची शिकवण अशी. कोट प्रथम खांद्यावर पाहावा. खांद्याचे हाड संपते तेथेच खांद्याची शिवण संपली पाहिजे. कंबर आणि बाहीची लांबी मागाहून दुरुस्त होते. खांदा चुकला तर जवळजवळ सारा कोट उसवावा लागतो. पुष्कळांचा एक खांदा किंचित उतरता असतो. तो लपवू नये, म्हणजे शिंपी त्याप्रमाणे बेततो. मुंढा फार खाली बेतला तर हात उचलताच सारा कोट वर चढतो. गळ्याच्या पट्टीत बोट सहज फिरावे. आणि कच्च्या शिलाईच्या वेळी आरशापुढे नुसते ताठ उभे न राहता बसून, हात वर करून, वाकून पाहावे.

याच शहराचे नाव इंग्रजीत घोडेस्वारीच्या विजारीला मिळाले आहे. तिचा जुना बेत पाहा. गुडघ्याखाली ती पायाला घट्ट, पण मांडीशी व कमरेशी चांगली घेरदार. स्वाराला जेथे हालचाल करावयाची, तेथे कापड सैल सोडलेले. अंगाबरोबर बसणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

माझे वडील १९७६ साली नोकरीनिमित्त येथे आले. मंडळाच्या तिळगूळ समारंभास ते दरवर्षी एकच करड्या रंगाचा लोकरी कोट घालीत. ते गेल्यावर तो ट्रंकेत पडून राहिला. गेल्या हिवाळ्यात मी तो मास्टरजींपुढे ठेवला. खांदा तंतोतंत बसला. पोटाशी मात्र बटण काजापर्यंत पोचेना. मास्टरजींनी अस्तर उसवून बाजूच्या शिवणी पाहिल्या. जुन्या कारागिराने दोहोंकडे चांगले इंच-इंच कापड आत राखले होते.

शिवणीआड राखलेल्या या जादा कापडाला आपल्या भाषेत ‘माया’ म्हणतात. आई घरी शिवताना हा शब्द नेहमी वापरी; मी कधी लक्ष दिले नव्हते. ज्या कारागिराने ती माया ठेवली, त्याला माझे पोट ठाऊक असण्याचे कारण नव्हते. अंग बदलते, एवढेच तो जाणून होता.

तोच कोट आज माझ्या अंगावर आहे. जुन्या शिवणीची पुसट रेघ दोन्ही बाजूंना अजून दिसते. मास्टरजी ती झाकून देत होते, मी राहू दिली. तयार कपड्यांत अशी माया बहुधा फार थोडी असते. म्हणून तरुण मित्रांना सांगणे एवढेच की, कोट शिवावयास टाकाल तेव्हा श्वास सोडून माप द्या, खांदा नीट बेतून घ्या, आणि शिवणीत माया ठेवावयास आवर्जून सांगा. तुमच्यानंतर तो कोणाला घालावासा वाटेल, हे आज तुम्हांला ठाऊक नसते.