लेखनाचा नमुना आणि अशिलाचा विश्वास



विधी शाखेची पदवी घेतलेला तरुण मुंबईतील सॉलिसिटरांच्या पेढीकडे नोकरीसाठी अर्ज करतो, तेव्हा गुणपत्रिकेबरोबर त्याच्याकडून पुष्कळदा लेखनाचा एक नमुनाही मागितला जातो. हा नमुना कोणता निवडावा, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

पेढीचे काम मुख्यतः लेखणीचे असते. करारनामा, नोटीस वा अभिप्राय यांतील एका सैल वाक्यापायी अशिलाचे नुकसान होऊ शकते. यास्तव प्रश्न नेमका मांडला आहे काय, कायदा त्याला योग्य रीतीने लावला आहे काय आणि प्रतिकूल न्यायनिर्णयांचीही प्रामाणिकपणे दखल घेतली आहे काय, हे ज्येष्ठ वकील पाहतात. त्यासाठी पाच ते दहा पानांचे टिपण पुरेसे होते. प्रबंध मोठा असल्यास त्यातील स्वयंपूर्ण भाग निवडावा व मागील संदर्भ चार ओळींत द्यावा. अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेतील लेखी युक्तिवाद बहुधा अनेकांनी मिळून लिहिलेला असतो. त्यातील स्वतः लिहिलेला भागच तसे नमूद करून पाठवावा.

खरी कसोटी मात्र पुढेच आहे. उमेदवारीच्या काळात एखाद्या वकिलाच्या कार्यालयात तयार केलेले टिपण सर्वांत सरस असते आणि तेच पाठवण्याचा मोह होतो. परंतु त्यातील हकिकत अशिलाची असते. दिनांक १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ अन्वये वकिलाला अशिलाच्या स्पष्ट संमतीवाचून त्याचे व्यावसायिक बोलणे उघड करता येत नाही. वकिलाचे कारकून व कर्मचारी यांनाही हे बंधन लागू आहे आणि काम संपल्यावरही ते सुटत नाही.

केवळ नाव खोडल्याने भागत नाही. समजा, टिपण जमिनीच्या वाटणीच्या वादाचे आहे. नाव गेले, तरी गाव, गट क्रमांक आणि फेरफाराची तारीख राहिली, तर तालुक्यातील कोणीही ते कुटुंब ओळखील. संगणकावर नावावर नुसती काळी पट्टी ओढली, तर तिच्याखालचा मजकूर पुष्कळदा वाचता येतो. म्हणून वकिलांची परवानगी घ्यावी, ओळख पटवणारा प्रत्येक तपशील बदलावा आणि तसे केल्याचे पहिल्या पानावर लिहावे. शंका उरल्यास तो नमुना पाठवू नये. एका अशिलाचे गुपित सहज दाखवणाऱ्या उमेदवाराच्या हाती दुसऱ्याचे गुपित कोण देईल?

ज्यांना अशी उमेदवारी लाभली नाही, त्या ग्रामीण विद्यार्थ्यांनी निराश होण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालय व मुंबई उच्च न्यायालय यांचे निर्णय सर्वांना वाचावयास खुले आहेत. त्यांपैकी एक निवडून, त्यातील कायद्याच्या एकाच प्रश्नावर स्वतःचे पाच पानी टिपण लिहावे. शिक्षकांनी ते तपासताना चुका दाखवाव्यात. दुरुस्ती मात्र विद्यार्थ्यालाच करू द्यावी. असा नमुना सर्वस्वी त्याचाच असेल आणि त्यापायी कोणाच्याही विश्वासाला तडा जाणार नाही.