धन्याचा शब्द

काशीच्या दशाश्वमेध घाटाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. बाळाजी बाजीराव पेशव्यांनी १७४८ साली तो बांधविला आणि १७७४ मध्ये अहल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला, असे सांगतात. विद्येसाठी काशीस आलेल्या मराठी तरुणांपैकी रामशास्त्री प्रभुणे हे एक. त्यांना गंगातीरी आणले ते एका धन्याच्या कटु शब्दाने.

आख्यायिका अशी की, माहुलीचा हा तरुण साताऱ्यास अनगळ सावकाराकडे शागीर्द होता. धन्याच्या पायांवर पाणी घालताना त्याची नजर भिकबाळीवर खिळली. 'असली रत्ने हवीत तर अंगी विद्या असावी, नाहीतर तलवार,' अशा अर्थाचे बोल सावकाराने ऐकविले. तरुणाने चाकरी टाकली, काशीत बाळंभट्ट पायगुंड्यांपाशी अध्ययन केले आणि १७५९ साली तो पेशव्यांचा न्यायाधीश झाला.

ही कथा सांगताना श्रेय बहुधा सावकाराच्या पदरी पडते. टोचून बोलणारे वरिष्ठही हाच दाखला देतात. पण रामशास्त्री घडले, ते अपमानाची जागा सोडता आली आणि पुढे गुरू लाभला म्हणून. ज्याच्यामागे मुलांची फी आणि घराचा हप्ता आहे, तो कोठे जाणार? तो दुसऱ्या दिवशी त्याच मेजाशी बसतो. कामाचा शीण रात्रीच्या झोपेने उतरतो. चारचौघांत झालेला पाणउतारा झोपच येऊ देत नाही. मग साधे टिपणही तीनदा लिहिले जाते, चूक सांगण्याऐवजी झाकली जाते आणि हळूहळू कामावरचे मनच उडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या अवस्थेची, म्हणजे 'बर्नआउट'ची, तीन लक्षणे नोंदविली: शक्तिपात, कामाविषयी दुरावा आणि घटलेले कर्तृत्व. संघटना तिला रोग म्हणत नाही. कामाच्या जागी दीर्घकाळ साचलेल्या ताणाचा तो परिणाम मानते. तेव्हा केवळ कर्मचाऱ्याला धीर धरण्याचा उपदेश करून भागत नाही. धन्याच्या जिभेकडेही पाहावे लागते.

पुढे थोरले माधवराव जपजाप्यात गढून कारभाराकडे दुर्लक्ष करू लागले, तेव्हा रामशास्त्र्यांनी काशीस जाण्याची रजा मागितली. राज्य करायचे तर रयतेचा सांभाळ करावा. नाहीतर दोघांनीही गंगातीरी जाऊन बसावे, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. पेशव्यांनी राग धरला नाही, वागणे बदलले. ज्या कचेरीत वरिष्ठाला असे सांगता येते आणि तो ते ऐकून घेतो, तेथील माणसे थकतात, पण विझत नाहीत.