दहशतवाद कशाला म्हणायचे?
(विहाराच्या वर्धापनदिनी कसबा बावडा येथे झालेले भाषण)



गिरणीत पाळ्या करून आयुष्य काढलेल्या माणसाने संयुक्त राष्ट्रसंघावर बोलावे, हे काहींना जड वाटेल. पण १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत एका दुपारी ठिकठिकाणी स्फोट झाले आणि २५७ माणसे मेली. वरळीला सेंच्युरी बाजारपाशी जी मेली ती बसमधली, रस्त्याने चाललेली तुमच्या-आमच्यासारखी माणसे होती. म्हणून हा विषय आमचाही आहे.

त्या स्फोटांचे आरडीएक्स समुद्रातून रायगड जिल्ह्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरले. उतरू देणाऱ्यांत कस्टमचे अधिकारी होते, त्यांनाही पुढे शिक्षा झाली. कट करणारे परदेशात, आणि त्यातला एक आरोपी अबू सालेम सापडला तो २००२ साली कुठे, तर पोर्तुगालमध्ये लिस्बनला. आता बघा, आपले पोलीस काय लिस्बनला जाऊन त्याची कॉलर धरणार? तिथले कायदे वेगळे, कोर्ट वेगळे. भारत आणि पोर्तुगाल यांच्यात तेव्हा आरोपी सोपवण्याचा करारसुद्धा नव्हता.

मग तो आला कसा? १९९७ साली राष्ट्रसंघात बॉम्बस्फोटांविरुद्ध एक आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्याचा आधार आपल्या सरकारने घेतला. पण पोर्तुगालमध्ये फाशी नाही, जन्मठेपही नाही. त्यांनी विचारले, तुम्ही याला फाशी देणार असाल तर आम्ही का द्यावा? तेव्हा १७ डिसेंबर २००२ रोजी उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी लेखी हमी दिली की फाशी नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये सालेम भारतात आला.

पुढची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. इथे आल्यावर त्याच्यावर हमीबाहेरची जास्तीची कलमे लागली. २०११ साली लिस्बनच्या कोर्टाने सांगितले, भारताने अट मोडली. शेवटी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ती कलमे मागे घ्यावी लागली. २०१७ मध्ये टाडा कोर्टाने दोघांना फाशी दिली, सालेमला जन्मठेप. आणि ११ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की दिलेला शब्द सरकारवर बंधनकारक आहे, पंचवीस वर्षे भरल्यावर त्याला सोडण्याची कारवाई करावी लागेल. ज्यांची माणसे गेली त्यांना हे कडू लागणार, आम्हालाही लागते. तरी आमचे मत असे की शब्द पाळलाच पाहिजे. आज मोडला तर उद्या दुसरा देश आपला आरोपी देणार नाही. तहव्वूर राणाला अमेरिकेकडून आणायला २६ नोव्हेंबर २००८ नंतर सोळा वर्षे गेली. तो एप्रिल २०२५ मध्ये मिळाला.

बॉम्बचा करार झाला, विमान पळवण्याचा १९७० साली झाला, ओलीस धरण्याचा १९७९ साली झाला. कारण त्यांत कृत्य लिहिले आहे. मग सगळ्या दहशतवादाची एकच व्याख्या का होत नाही? भारताने १९९६ साली राष्ट्रसंघात तसा मसुदा मांडला, तो अजून अडकला आहे. काही देश म्हणतात, परक्या सत्तेविरुद्ध लढणाऱ्याला दहशतवादी म्हणू नका. काही विचारतात, सरकारी फौजेने निःशस्त्र माणसे मारली तर तिला काय म्हणायचे? दोन्ही प्रश्न खोटे नाहीत.

याला इतिहास आहे. १९३४ साली युगोस्लाव्हियाच्या राजाचा फ्रान्समध्ये खून झाला. त्यानंतर १९३७ मध्ये राष्ट्रसंघाच्या आधीच्या लीग ऑफ नेशन्सने दहशतवादाविरुद्ध करार केला. राज्यसत्तेविरुद्धचे कृत्य, अशी त्याची व्याख्या होती. त्याला पक्की मान्यता एकाच देशाने दिली, १९४१ साली, आणि तो देश भारत! म्हणजे आपण नव्हे हो, इंग्रज. पुढच्याच वर्षी बेचाळीसची चळवळ पेटली. आपल्या जिल्ह्यातले रत्नाप्पा कुंभार भूमिगत होते. तेच रत्नाप्पाण्णा पुढे घटना समितीचे सदस्य झाले. व्याख्या कोणाच्या हातात आहे यावर किती अवलंबून असते बघा.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात याचा निवाडा केला आहे. सनदशीर मार्ग बंद असताना दुसऱ्या मार्गाला काही कारण तरी होते. सनदशीर मार्ग खुला झाल्यावर रक्ताचा मार्ग सोडलाच पाहिजे, असा त्याचा आशय. आम्ही त्यात एवढेच जोडतो की बसमधल्या माणसाला मारायला कुठलेच कारण पुरत नाही, आणि व्याख्या करायची तर कृत्याची करा, माणसाची जात-धर्म-विचार बघून करू नका. त्याच मुंबईत डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ च्या दंगलीत श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबाने ९०० माणसे मेली. त्यांनाही तोच न्याय हवा.

२८ सप्टेंबर २००१ रोजी सुरक्षा परिषदेने १३७३ क्रमांकाचा ठराव केला. दहशतवाद्यांचा पैसा तोडा, आसरा देऊ नका, असे सगळ्या देशांना बंधन घातले. चांगली गोष्ट. पण दहशतवाद म्हणजे काय ते लिहिले नाही, म्हणून ज्याने त्याने आपापली व्याख्या केली. आपल्या यूएपीए कायद्यात या ठरावाचा उल्लेख आहे. २००८ च्या दुरुस्तीने त्यात जामीन फार अवघड झाला. २०१९ पासून संघटना नसली तरी एकट्या माणसाला दहशतवादी ठरवता येते.

याच कायद्याखाली डॉ. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२०ला, ऐन भीमजयंतीला, तपास यंत्रणेच्या स्वाधीन झाले. बाबासाहेबांच्या नातीचे पती, आयुष्यभर पुस्तके लिहिणारा माणूस. मुंबई उच्च न्यायालयाचा जामीन मिळाला १८ नोव्हेंबर २०२२ला. अडीच वर्षे तुरुंगात गेली. न्यूयॉर्कला एक शब्द अर्धवट राहिला की त्याची झळ आपल्या घरापर्यंत येते ती अशी.

समितीला आमची विनंती आहे. विहाराच्या वाचनालयात या कायद्याची मराठी प्रत घ्यावी आणि जामिनाचा तो निकालही मागवावा. आपल्यात वकिली शिकणारी पोरं-पोरी आहेत, त्यांनी दर रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास एकेक कलम समजावून सांगावे. पाळी नसेल त्या रविवारी आम्ही पहिल्या रांगेत बसू.

जयभीम.