गोष्टीतली अडचण, गोष्टीतला उपाय
(रौप्यमहोत्सवी वर्षातील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



‘लहान मुलांचे वाचन’ या विषयावर दहा मिनिटं बोला, असं समितीने सांगितलं. मी बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवत आले. त्यामुळे मोठा सिद्धांत नाही, रोजच्या कामातली एक गोष्ट सांगते.

गोष्ट सांगून झाली की आपण मुलांना विचारतो, “तात्पर्य काय?” मूल पाढे म्हटल्यासारखं सांगतं, “नेहमी खरं बोलावं.” आपण खूश! पण त्याला गोष्ट कळली की नाही, हे त्यावरून समजत नाही. म्हणून तात्पर्याच्या आधी दोन प्रश्न विचारा. कोणाला काय अडचण आली? आणि त्याने त्यातून वाट कशी काढली?

तहानलेल्या कावळ्याचंच बघा. “कावळ्याची अडचण काय?” म्हटलं की सगळी मुलं ओरडतात, “तहान!” मी म्हणते, मडक्यात पाणी तर होतं, मग प्यायला का नाही? थोडा वेळ शांतता. मग कोणीतरी म्हणतं, “ताई, पाणी खाली हाये, चोच पुरून नाही राहिली.” ही खरी अडचण. ती अशी नेमकी सापडली की खडे टाकायचं का सुचलं, हेही मुलांना कळतं. आपल्या आमसभेत काय होतं, आठवा. “पाणी येत नाही” एवढं ऐकलं की एक जण म्हणतो मोटार बदला, दुसरा म्हणतो टँकर मागवा. पाणी टाकीत चढतच नाही, की चढलेलं गळून जातं, हे आधी बघायला नको का?

दुसरी गोष्ट म्हातारी आणि भोपळ्याची. वाटेत वाघ भेटतो, कोल्हा भेटतो. म्हातारी म्हणते, लेकीकडे जाऊन येते, जाडजूड होते, मग खा. इथे थांबा आणि विचारा, “अडचण सुटली का?” चार-पाच वर्षांची मुलं आधी “हो” म्हणतात. मग एखादा म्हणतो, “पण परत त्याच रस्त्यानं यायचं आहे ना!” वेळ मारून नेणं वेगळं आणि अडचण सुटणं वेगळं, हे मुलाला त्या भोपळ्यात दिसतं.

तिसरी गोष्ट चिऊ-काऊची. ही गोष्ट आपल्या विदर्भाची मोठी ठेव आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त श्रीचक्रधरस्वामींनी कावळ्याच्या शेणाच्या घराची ही गोष्ट सांगितल्याचं आलेलं आहे. सातशे वर्षांहून जास्त काळ ती आजीच्या तोंडून नातवंडांपर्यंत पोहोचते आहे. त्यात अडचण कोणाची? घर वाहून गेलेल्या कावळ्याची, की दार वाजत असताना बाळाचं आवरणाऱ्या चिमणीची? वर्गात दोन गट पडतात आणि चांगलं भांडण होतं. होऊ द्या. एकाच प्रसंगात दोघांच्या अडचणी वेगळ्या असू शकतात, हे मोठ्यांनाही लवकर उमगत नाही.

शिकवायला साहित्य काही लागत नाही, हाताची पाच बोटं पुरतात. अंगठा म्हणजे कोण, तर्जनी म्हणजे कुठे. मधलं बोट सगळ्यात लांब, ती अडचण. अनामिका म्हणजे उपाय आणि करंगळी म्हणजे शेवटी काय झालं. चार वर्षांचं मूल बोट धरून सांगेल, सहा वर्षांचं पूर्ण वाक्यात सांगेल, आठ वर्षांचं लिहील. मधल्या बोटाशी गोष्ट थांबवा आणि विचारा, “तू असतास तर काय केलं असतंस?” उत्तर पुस्तकातल्यापेक्षा वेगळं आलं तर चूक म्हणू नका. “मग पुढे काय होईल?” एवढंच विचारा. आणि उत्तराची घाई करू नका. मनात दहा अंक मोजा.

हे सगळं कशासाठी? दुसरीतल्या एका मुलीचं सांगते. मुलगी रोडावत चालली म्हणून घरी टॉनिक सुरू होतं. शाळेत जायचं नाव काढलं की रडायची. एक दिवस मी मधलं बोट वर केलं आणि म्हटलं, आज आपापली अडचण सांगा. ती हळूच म्हणाली, “व्हॅनमधली मोठी मुलं रोज माझा डबा खातात.” दुसऱ्या दिवसापासून ती ड्रायव्हरकाकांच्या शेजारी बसू लागली आणि टॉनिकची बाटली कपाटात गेली. लहान मूल “पोट दुखतं” म्हणतं, “मला नाही जायचं” म्हणतं. त्यामागची अडचण नेमकी सांगायला शब्द लागतात आणि सवय लागते. ती सवय कावळ्या-चिमण्यांच्या अडचणींवर बिनधोक लावता येते.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ हे वय पायाभूत मानलं, २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ने समजून वाचण्यावर भर दिला. चांगलंच झालं. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केलं, पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांच्या अंगणात बालवाडी नेली, तेव्हापासून आपल्याला माहीत आहे की शिकायला मोठी इमारत लागत नाही. आपल्याकडे तर बगीचा आहे, बाकं आहेत आणि संध्याकाळी त्यावर बसणारे आजी-आजोबा आहेत.

तेव्हा विनंती एवढीच. आठवड्यातून एक दिवस, शनिवारी म्हणा, एका आजी किंवा आजोबांनी बगीच्यात एक गोष्ट सांगावी आणि मधल्या बोटाशी थांबावं. पहिल्या शनिवारी मी येते. दुसऱ्या शनिवारसाठी नावं आज सचिवांकडे द्या.