गोलरक्षकाचा मुखवटा

बर्फावरील हॉकीत चेंडू नसतो. गोठवून टणक केलेली, सुमारे १७० ग्रॅम वजनाची रबरी चकती असते. ती तोंडावर येत असता डोळे न मिटणे, ही गोलरक्षकाच्या मनाची कसोटी. पूर्वी हे गोलरक्षक उघड्या चेहऱ्यानेच उभे राहत आणि मुखवटा मागणारा भित्रा ठरे.

१ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्क येथे अँडी बाथगेटच्या फटक्याने माँट्रियल कॅनेडियन्सच्या झाक प्लांतचा चेहरा फाटला. टाके पडताच, मुखवट्याविना मी उतरणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. सरावात तो आधीपासून मुखवटा वापरीत असे. त्या काळी संघाजवळ दुसरा गोलरक्षक नसे. प्रशिक्षक टो ब्लेक यांनी नाइलाजाने रुकार दिला. भय गेले की सावधपणाही जातो, ही त्यांची शंका अगदीच पोकळ नव्हती. परंतु चकतीपुढे उभे राहण्याहून गुरूपुढे असे उभे राहणे मला अधिक कठीण वाटते. संघ ३-१ असा जिंकला.

८ मार्च १९६० रोजी ब्लेक यांच्या आग्रहाखातर त्याने मुखवटा उतरविला. डेट्रॉइटने ३-० असे हरविले. एका सामन्याने काही सिद्ध होत नाही म्हणा! प्लांतने मात्र मुखवटा पुन्हा चढविला आणि त्याच वसंतात माँट्रियलने सलग पाचव्यांदा स्टॅन्ली चषक जिंकला.