मुलांचे कपडे : किंमत आणि माया

स्वतःसाठी सदरा किंवा साडी घेताना आपण दुकानदाराशी निःसंकोचपणे घासाघीस करतो. मुलाचा कपडा घ्यायची वेळ आली की मात्र आवाज थोडा खाली येतो. स्वतःच्या बाबतीत जी काटकसर गुण वाटते, तीच मुलाच्या बाबतीत कंजूषपणा वाटू लागते. व्यापारी हा संकोच ओळखून असतो. म्हणून वीतभर लांबीच्या झग्याला कधीकधी मोठ्या माणसाच्या पोशाखाइतकी किंमत पडते आणि ती आपण मुकाट्याने देतो. ही जादा किंमत सार्थकी लागते का, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या प्रश्नाकडे मी जयपूरच्या झोटवाडा या उपनगरातून पाहणार आहे. मराठी माणसाला जयपूर परके नाही. सवाई जयसिंगाने १७२७ साली हे नगर वसवले. त्याच्या पदरी असलेले आणि युक्लिडची भूमिती संस्कृतात आणणारे ज्योतिषी सम्राट जगन्नाथ हे महाराष्ट्रीय ब्राह्मण होते. पुढे नोकरीचाकरीच्या निमित्ताने मराठी कुटुंबे इकडे येत राहिली. शहराच्या वायव्येस असलेल्या झोटवाड्यात कारखान्यांची वसाहत आणि मध्यमवर्गाची घरे शेजारी शेजारी नांदतात. कांटा चौराह्याच्या आसपास मुलांच्या कपड्यांची दुकाने पाहावीत, जुन्या शहरातल्या ‘पुरोहितजी का कटला’ या गर्दीच्या बाजारात हिंडावे, आणि मग एखाद्या नामांकित कंपनीच्या काचबंद दुकानात शिरावे. दिसायला एकसारख्या झबल्याचे तीन ठिकाणी तीन भाव ऐकू येतात, आणि खरेदीला निघालेली गृहिणी बुचकळ्यात पडते.

इथली हवा या कोड्यात भर घालते. मुंबईच्या मुलाला बारा महिने सुती कपडे पुरतात. थंडीसाठी एखादा स्वेटर पेटीत असला म्हणजे झाले. जयपुरात मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तो सातआठ अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरतो. म्हणजे मुलाला दोन ऋतूंचे दोन वेगळे संच हवेत. एका हिवाळ्यातला लोकरी कपडा पुढच्या हिवाळ्यात अंगाला येईलच असे नाही.

तेव्हा आधी थोडा हिशेब करू. जन्माच्या वेळी मूल साधारण ५० सेंटिमीटर लांब असते. वर्षाचे होईपर्यंत ते ७५ सेंटिमीटरांच्या आसपास पोचते, दोन वर्षांचे होताना ८५ ते ८७, आणि पाचव्या वर्षी ११० च्या जवळपास. पहिल्या वर्षात २५ सेंटिमीटर, दुसऱ्यात ११-१२, त्यानंतर दरवर्षी सातआठ आणि पुढे पाचसहा, असा हा वेग हळूहळू मंदावत जातो. कपड्याचे आयुष्य या वेगावर ठरते. पहिल्या वर्षी कापड विरण्याच्या कितीतरी आधी ते तोकडे होते. सातव्या-आठव्या वर्षी ते तोकडे होण्याआधी गुडघ्यावर फाटते. पहिल्या अवस्थेत टिकाऊपणासाठी मोजलेला पैसा बहुधा वाया जातो, आणि दुसऱ्या अवस्थेत तो न मोजल्याने नुकसान होते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सहा महिन्यांच्या बाळासाठी १,२०० रुपयांचा रेशमी झगा घेतला आणि तो उष्टावणाला व एका लग्नाला, असा दोनदा अंगावर चढला. एका खेपेला ६०० रुपये पडले. आता शाळेत जाणाऱ्या मुलाची ८०० रुपयांची विजार घ्या. ती आठवड्यातून तीनदा, अशी ४० आठवडे वापरली तर १२० खेपा झाल्या आणि एका खेपेला सात रुपयांहूनही कमी पडले. तिच्याऐवजी ४०० रुपयांची विजार घेतली आणि ती ३० खेपांत गुडघ्यावर विरली, तर खेपेला तेरा रुपयांहून अधिक मोजावे लागले. स्वस्त वस्तू महाग पडली, ती अशी. दुकानातल्या चिठ्ठीवर छापलेली असते ती नुसती किंमत. खेपेचा भाव आपला आपणच काढावा लागतो.

ही किंमत बनते तरी कशाकशाची? सूत, विणकर, रंग, कटाई, शिलाई, गुंड्या. त्यावर दुकानाचे भाडे, जाहिरात, कंपनीचे नाव आणि सरकारी कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या नियमानुसार २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्याहून महाग नगावर १८ टक्के कर पडतो. कर धरण्यापूर्वी २,५०० रुपये किंमत असलेल्या झग्यावर १२५ रुपये कर बसतो, तर २,६०० रुपयांच्या झग्यावर ४६८ रुपये. या शंभर रुपयांच्या फरकाने बाळाच्या अंगाला अधिक मऊ असे काही लागते, असे कोणी म्हणणार नाही. किमतीतला कोणता भाग कपड्यात उतरला आणि कोणता दुकानातच राहिला, हे ओळखता आले पाहिजे.

त्यासाठी जाणकाराची गरज नाही. आपल्या आज्या हे हातानेच ओळखत. कपडा उलटा करून पाहावा. उजव्या बाजूला भरतकाम, चमकी आणि लेस असते. कारागिराचा प्रामाणिकपणा आतल्या बाजूला दिसतो. टाके बारीक व सारखे आहेत का? दोन्ही हातांनी हलकेच ताणल्यावर शिवण उघडी पडते का? काजांचे धागे सुटलेले नाहीत ना? गळ्याशी आणि काखेत टोचणारी शिवण किंवा खरखरीत चिठ्ठी नाही ना? कापड उजेडासमोर धरावे म्हणजे विणीची दाटी कळते. पांढरा रुमाल ओला करून कापडावर चोळावा. रुमाल रंगला तर तोच रंग बाळाच्या घामातही उतरणार. शरीराला अपायकारक ठरलेल्या काही अ‍ॅझो रंगांच्या वापरावर भारतात १९९७ साली बंदी आली. मात्र रंग कोणता वापरला हे घरच्या घरी तपासता येत नाही. अशा ठिकाणी उत्पादकाच्या सचोटीला थोडी किंमत द्यावी हे खरे. आणि कपडा कितीही महागाचा असला तरी अंगात घालण्यापूर्वी दोनदा धुवावा, हेही तितकेच खरे.

आपल्या शिंप्यांच्या भाषेत एक सुंदर शब्द आहे. शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात, त्याला ते ‘माया’ म्हणतात. मूल वाढले की शिवण उसवायची, ही माया मोकळी करायची आणि तोच झगा आणखी एक वर्ष चालवायचा, ही आपल्या घरांतली जुनी रीत. परकराच्या तळाशी दोनतीन बोटांची दुमड ठेवलेली असे. दर दिवाळीला ती एकेक बोटाने उलगडत जाई. कारखान्यातल्या तयार कपड्यात ही माया प्रथम छाटली जाते, कारण हजारो नगांमागे बोटभर कापड वाचले तरी कारखानदाराचा मोठा फायदा होतो. महाग कपड्याच्या आत अशी माया सापडली तर त्याची जादा किंमत मनाला पटते. ती सापडली नाही, तर आपण पैसे नावाचे मोजले असे समजावे.

पैसा सढळ हाताने कुठे खर्चावा? माझ्या मते तीन ठिकाणी. तान्ह्या बाळाच्या अंगालगत असणारे कपडे. जयपुरासारख्या ठिकाणी थंडीचे कपडे. आणि शाळेचा रोजचा गणवेश. या तिन्हींमध्ये कपड्याचा शरीराशी दीर्घकाळ संबंध येतो. जपून खर्च करावा तो समारंभाच्या पोशाखावर. वैशाखातल्या लग्नात मखमली शेरवानी चढवलेले, घामाने भिजलेले आणि रडवेले झालेले मूल आपण सर्वांनी पाहिले आहे. तो पोशाख पाहुण्यांच्या डोळ्यांसाठी असतो, मुलाच्या अंगासाठी नसतो. दिवाळीत तर कृत्रिम धाग्याचे घोळदार झगे धोक्याचे. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतात. टोपीला किंवा गळ्याशी लोंबणारे गोंडेदार बंदही तसेच घातक. ते घसरगुंडीत अडकून मुलांना गळफास बसल्याच्या घटना घडल्यामुळे अमेरिकेत १९९६ साली अशा बंदांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. धोका महाग कपड्यातही असतो. कित्येकदा सजावट अधिक म्हणून तो तिथे अधिक असतो.

आता जयपूरच्या खास मालाविषयी. शहराच्या दक्षिणेस सांगानेर आणि अजमेरच्या रस्त्यावर बगरू, ही दोन्ही गावे ठशांच्या छपाईसाठी प्रसिद्ध आहेत. सांगानेरच्या फिकट जमिनीवर नाजूक बुट्ट्या उमटतात. बगरूचे छीपा कारागीर हिरड्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापडावर तुरटीच्या साहाय्याने लाल आणि लोखंड व गूळ कुजवून काळा रंग साधतात, आणि चिखलाच्या ‘दाबू’ने जमीन राखतात. एका फुलासाठी रेघेचा ठसा वेगळा, जमिनीचा वेगळा आणि भरणीचा वेगळा. त्यांना ‘रेख’, ‘गद’ आणि ‘दत्ता’ म्हणतात. प्रत्येक ठसा हाताने अचूक जागी बसवायचा असतो. हीच नक्षी जाळीच्या साच्यावरून झटपट छापून कितीतरी स्वस्तात मिळते. मग हातछपाईच्या झबल्याला अधिक पैसे द्यावेत का? जरूर द्यावेत; पण ते बाळाच्या सुखासाठी दिले असे म्हणू नये. बाळाला सुख होते ते पातळ मलमलीने; फूल हाताने छापले की यंत्राने, हे त्याला कळत नाही. ती किंमत एका कारागिराच्या दिवसभराच्या कामाची आहे आणि त्याच भावनेने ती द्यावी.

कारागिराचा विषय निघाला म्हणून एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. याच शहरात लाखेच्या बांगड्यांच्या आणि जरीकामाच्या कोंदट खोल्यांतून परप्रांतांतून आणलेल्या लहान मुलांची सुटका केल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार आल्या आहेत. बालमजुरीविरोधी कायदा १९८६ चा. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना, घरच्या व्यवसायातील मर्यादित अपवाद वगळता, कोणत्याही कामावर ठेवण्यास बंदी झाली. तरीही चमकीने मढवलेला एखादा झगा अविश्वसनीय स्वस्तात मिळू लागला, तर क्षणभर थांबावे. या टिकल्या कुणी लावल्या असतील? एका मुलाच्या हौसेसाठी दुसऱ्या मुलाने डोळे शिणवलेले नसावेत. महाग किंमत ही याची हमी नव्हे, हे मला माहीत आहे. मधल्या हातांनाच पैसा मिळून कारागिराच्या पदरात काहीच न पडणे शक्य असते. म्हणूनच साधा, सजावट नसलेला, नीट शिवलेला कपडा मला अधिक निर्मळ वाटतो.

काटकसरीच्या बाबतीत आपल्या परंपरेकडून पुष्कळ शिकण्यासारखे आहे. नवजात बाळाला आजीच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे दुपटे, त्याचेच झबले आणि त्याचीच कुंची. त्या कापडाइतके मऊ कापड पैसे देऊनही मिळत नाही. थोरल्याचा सदरा धाकट्याला, त्याच्याकडून मावसभावाला, आणि अखेर बोहारणीच्या बोचक्यात. तिथून एखादे पातेले घरात येई. चांगल्या कापडाची किंमत अशी तीनचार मुलांमध्ये वाटली जात असे. आता घरात एखाददुसरे मूल असते आणि नातलग दूरच्या शहरांत असतात. पण झोटवाड्यासारख्या वसाहतीत शेजारच्या घरांशी अशी देवघेव चालू ठेवता येईल. ती चालू असेल तरच लहान बाळासाठी भारी कपडा घेणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

मात्र या देवघेवीलाही एक मर्यादा आहे. साने गुरुजींच्या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’मध्ये शिक्षणासाठी बाहेरगावी राहिलेला श्याम पैसे साठवतो आणि धाकट्या भावासाठी नवा कोट शिवून घरी नेतो. त्या कोटाची किंमत वाचकाच्या स्मरणात राहत नाही. आपल्यासाठी कुणीतरी मुद्दाम काही आणले, हा त्या भावाचा आनंद स्मरणात राहतो. सदैव दुसऱ्याचे उतरलेले कपडे घालणाऱ्या मुलाच्या मनात एक बारीक सल असतो. वर्षातून एकदा तरी केवळ त्याच्याच मापाचे, त्याच्याच आवडीच्या रंगाचे नवे वस्त्र त्याला मिळावे. ते दोनशे रुपयांचे असले तरी चालेल. मुलाला भावातला फरक जन्मतः कळत नाही. तो आपण शिकवतो. पाहुण्यांसमोर त्याच्या झग्याची किंमत सांगताना आपण त्याला हा पहिला धडा देत असतो, आणि उद्या तेच मूल वर्गातल्या मित्राच्या सदऱ्याकडे त्याच नजरेने पाहते.

तेव्हा, श्रोतेहो, महाग कपडा सार्थकी लागतो का, याचे एकच उत्तर देता येणार नाही. पण उत्तर शोधण्याची वाट सांगता येईल. तो किती खेपा अंगावर चढेल ते मोजा. तो उलटा करून आतली शिवण पाहा. तो घालून मुलाला मातीत बसता येईल, झाडावर चढता येईल, गाढ झोपता येईल का, हे विचारा. जो कपडा जपण्यासाठी मुलाला दिवसभर ‘बसू नकोस, धावू नकोस, मळवू नकोस’ असे बजावावे लागते, तो कितीही थोडक्यात मिळाला तरी महागच. आणि जो घालून मूल संध्याकाळी मळून, हसत घरी येते, आणि ज्याच्या शिवणीत पुढच्या वर्षासाठी बोटभर माया शिल्लक असते, त्याला दोन पैसे अधिक मोजले तरी ते सार्थकी लागले असे खुशाल समजावे.